मैदान कुणाचं?

मरीन लाइन्स स्टेशनातून लोकल चर्नी रोडकडे निघाली की डाव्या हाताला, रूळ आणि मरीन ड्राइव्ह यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्ट्यात, एकापाठोपाठ एक मैदानं दिसू लागतात. पारशी जिमखाना, इस्लाम जिमखाना, हिंदू जिमखाना... पलीकडे समुद्र. कधी तिथे पांढऱ्या कपड्यांतली पोरं खेळत असतात, तर लग्नसराईत त्याच हिरवळीवर मांडव पडलेले असतात. दारात लटकणाऱ्या क्रिकेटवेड्याला बोलर कोण आणि बॅट्समन कोण हे कळायच्या आत गाडी पुढे निघून जाते.

मुंबईकराला या नावांची इतकी सवय झालीय की त्यात त्याला काही वावगं वाटत नाही. नवखा माणूस मात्र बुचकळ्यात पडतो. खेळाच्या क्लबांना धर्माची नावं कशाला? आणि सगळ्यांना एकाच रांगेत, समुद्राच्या तोंडाशीच जागा का मिळाली?

त्यामागे एक जुनं भांडण आहे, आणि त्या भांडणाचं मूळ होतं घोडे!

जिथे आज आझाद मैदान, क्रॉस मैदान, ओव्हल आणि कूपरेज आहे, तो सगळा पट्टा दीडशे वर्षांपूर्वी एकच मोठं पटांगण होतं. एस्प्लनेड म्हणत त्याला. फोर्टच्या तटावरच्या तोफांना मारा करायला समोर मोकळी जागा हवी म्हणून इंग्रजांनी ती राखलेली. १८६०च्या दशकात गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्या कारकिर्दीत तट पाडला गेला, पण पटांगण राहिलं. समुद्र तेव्हा आजच्यापेक्षा बराच जवळ होता. भराव घालून मरीन ड्राइव्ह बांधायला अजून कित्येक वर्षं होती. संध्याकाळी वारा सुटला की गोरे साहेब आणि त्यांच्या मडमा तिथे हवा खायला येत, पलटणी कवायत करत आणि सोल्जर क्रिकेट खेळत.

हे क्रिकेट कडेला उभी राहून बघणाऱ्यांत फोर्टातल्या पारशी घरांतली पोरं होती. बघता बघता त्यांनी नक्कल सुरू केली. त्या आरंभीच्या खेळाच्या आठवणी मोठ्या गमतीच्या आहेत. उंच हॅट म्हणजे स्टंप, छत्री म्हणजे बॅट आणि चिंध्या भरून मोच्याकडून शिवून घेतलेला लंबगोल चेंडू! १८४८ साली या पोरांनी ओरिएंटल क्रिकेट क्लब काढला. हिंदी माणसांनी काढलेला हा पहिला क्रिकेट क्लब मानला जातो. तो दोनेक वर्षांतच बंद पडला, पण लगेच १८५० मध्ये झोरॉस्ट्रियन क्लब उभा राहिला. नंतर तर क्लबांचं पेवच फुटलं. नावं काय ठेवावीत? ज्युपिटर, मार्स, स्पार्टन, ग्लॅडस्टन, एल्फिन्स्टन... रोमन देवांपासून इंग्लंडच्या पंतप्रधानापर्यंत कुणालाही सोडलं नाही!

हिंदू पोरं जरा मागून आली. रामचंद्र विष्णू नवलेकर हे प्रभू समाजातले तरुण पहिले हिंदू क्रिकेटपटू म्हणून ओळखले जातात. तो काळ १८६१च्या आसपासचा. प्रभू मंडळींनीच १८६६ मध्ये बॉम्बे युनियन हा क्लब काढला. पुढे गौड सारस्वत क्लब आला, क्षत्रिय क्लब आला, मराठा क्लब आला, गुजराती युनियन आला. ज्याची जात त्याचा क्लब! पंगतीत शेजारी न बसणारी माणसं मैदानात तरी एकत्र कशी येणार? पुढच्या गोष्टीत हा मुद्दा फार महत्त्वाचा आहे, म्हणून तो इथेच ध्यानात ठेवायला हवा.

१८७५ साली गोऱ्यांनी एस्प्लनेडच्या एका टोकाला बॉम्बे जिमखाना स्थापन केला. मेंबर फक्त युरोपियन. आत स्वतःची कुंपण घातलेली हिरवळ, पॅव्हेलियन, सगळा थाट. कुंपणाबाहेरच्या उरलेल्या मैदानात मुंबईची शेकडो पोरं खेळत. सुरुवातीला संबंध बरे होते. १८७७ साली पारशी संघ आणि जिमखान्याचा संघ यांच्यात सामनाही झाला आणि पारशांनी साहेबांशी चांगली झुंज दिली.

मग साहेबांना पोलोचं वेड लागलं. आठवड्यातून दोन संध्याकाळी पोलोचे घोडे एस्प्लनेडवर उतरू लागले. पण जिमखान्याच्या कुंपणाच्या आत मात्र ते जात नसत. कारण उघड होतं, आतली हिरवळ खराब झाली असती! म्हणून घोडे धावायचे ते बाहेर, जिथे हिंदी पोरांची पिचं होती. क्रिकेट खेळलेल्या कुणालाही पुढचं सांगायला नको. टापांनी उकरलेल्या जमिनीत एक चेंडू घोट्याखालून सरपटतो, तर दुसरा थेट दाताशी येतो. खेळणार कसं?

यातली गंमत बघा. पोलो हा खेळ इंग्रजांनी हिंदुस्थानात येऊन, मणिपूरच्या घोडेस्वारांकडून उचललेला. १८५९ साली मळेवाल्या साहेबांनी सिल्चरला पहिला पोलो क्लब काढला. क्रिकेट मात्र इंग्लंडचं. म्हणजे मुंबईच्या मैदानावर हिंदी पोरं साहेबांचा खेळ जीव लावून खेळत होती आणि साहेब आपल्या देशातल्या खेळाचे घोडे त्यावरून नाचवत होते!

पोरं गप्प बसली नाहीत. शापूरजी सोराबजी नावाचा एक चिवट पारशी या लढ्यात पुढे होता. १८८१ साली पारशी, हिंदू, मुसलमान अशा शेकडो तरुण खेळाडूंच्या सह्यांचा अर्ज गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांच्याकडे गेला. भाषा अदबीची, पण सवाल रोखठोक. पोलो खेळणारे मूठभर आणि क्रिकेट खेळणारे शेकडो. मग मूठभरांच्या करमणुकीसाठी शेकडोंचं मैदान का नासवता? या अर्जाची आणखी एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. जिमखान्यात ज्यांचे पुढे वेगवेगळे संसार झाले, त्या तिन्ही समाजांच्या पोरांनी इथे एकाच कागदावर सह्या केल्या होत्या. काँग्रेसची स्थापना व्हायला अजून चार वर्षं अवकाश होता. मुंबईत हिंदी माणसं सरकारविरुद्ध एकत्र आली, ती अशी चेंडू नीट उसळावा म्हणून!

१८८२ मध्ये चक्क यश आलं. पोलो हलवून मैदान क्रिकेटवाल्यांना द्यायचा हुकूम निघाला. पोरांचा आनंद गगनात मावेना. पण जिमखान्याचे मेंबर म्हणजे सरकारचेच अधिकारी आणि बडे व्यापारी. वर्षभरात त्यांनी सूत्रं फिरवली आणि १८८३ मध्ये घोडे परत आले. पुन्हा अर्ज, पुन्हा नकार. शापूरजींनी हा सगळा इतिहास पुढे १८९७ साली पुस्तकात लिहून ठेवला. त्यातली गंमत अशी की शापूरजी काही राज्य उलथवायला निघालेले गृहस्थ नव्हते. इंग्रजी राज्यावर त्यांची निष्ठा होती. त्यांचं म्हणणं एवढंच, की ज्या खेळातून तुम्ही आम्हाला न्यायानं वागायला शिकवता, त्या खेळाच्या बाबतीत तरी न्यायानं वागा.

खड्ड्याखड्ड्यांच्या पिचवर शिकलेल्या पारशांनी दरम्यान १८८६ मध्ये इंग्लंडचा दौरा केला. २८ सामन्यांत एकच विजय! पण दोनच वर्षांनी दुसरा संघ गेला आणि त्यानं ३१ पैकी ८ सामने जिंकले. डॉ. मेहलाशा पावरी या बोलरनं एकट्यानं १७० बळी काढले. जानेवारी १८९० मध्ये जी. एफ. व्हर्ननचा इंग्लिश संघ हिंदुस्थानात आला, तेव्हा बॉम्बे जिमखान्याच्या त्याच कुंपणातल्या हिरवळीवर पारशांनी त्याला ४ गडी राखून हरवलं. दुसऱ्या डावात पावरींनी ७ बळी घेतले. त्या संपूर्ण दौऱ्यात व्हर्ननचा संघ हरला तो एवढ्या एका सामन्यात.

त्याच वर्षी लॉर्ड हॅरिस मुंबईचा गव्हर्नर म्हणून आला. खुद्द इंग्लंडचा माजी कप्तान! आता तरी आपलं दुःख जाणणारा माणूस आला म्हणून पोरांनी पुन्हा अर्ज केला. पण खेळाडू असला तरी हॅरिस आधी साहेब होता. घोडे काही हलले नाहीत. त्याऐवजी त्यानं वेगळाच तोडगा काढला. केनेडी सी फेसवर समुद्रात भराव टाकून नवी जमीन तयार झाली होती. पारशी जिमखाना १८८५ मध्येच स्थापन झाला होता आणि त्याला तिथे जागा मिळालेली होती. हॅरिसच्या काळात इस्लाम जिमखान्याला आणि हिंदू जिमखान्यालाही शेजारी भूखंड मिळाले. हिंदू जिमखाना १८९४ साली उभा राहिला. देणगीदारानं वडिलांच्या स्मरणार्थ पैसे दिले, म्हणून त्याचं पूर्ण नाव परमानंददास जीवनदास हिंदू जिमखाना.

तोडगा सोयीचा होता यात शंका नाही. ज्यांनी एका कागदावर सह्या केल्या होत्या, त्यांना तीन वेगवेगळी कुंपणं मिळाली. प्रत्येक जण आपापल्या हिरवळीवर खूष आणि एस्प्लनेडवर घोडे मोकळे! सगळा दोष हॅरिसच्या माथी मारणंही बरोबर नाही म्हणा. क्लबांना जातीची आणि धर्माची नावं द्यायला काही त्यानं शिकवलं नव्हतं.

आता जरा मुंबई सोडून पुण्याला जाऊ. कारण या कुंपणांच्या आत काय चाललं होतं, हे एका पुणेकर पोराच्या गोष्टीतून जितकं कळतं तितकं दुसऱ्या कशातून कळत नाही.

बाळू पालवणकर. मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातलं पालवण, जन्म १८७६चा, समाज चर्मकार. म्हणजे तेव्हाच्या हिशेबानं अस्पृश्य. वडील लष्करात नोकरीला असल्यामुळे कुटुंब पुण्यात. बाळूनं आधी पारशांच्या एका क्लबात पिच झाडायचं, रोलर फिरवायचं काम धरलं. पगार महिना ३ रुपये. १८९२च्या सुमारास तो गोऱ्यांच्या पूना क्लबात गेला. पगार एका रुपयानं वाढला, आणि जाळी लावायचं, पिच आखायचं कामही वाढलं. तिथल्या एका साहेबानं त्याला सहज चेंडू टाकायला सांगितलं. डावखुऱ्या बाळूचा चेंडू असा काही वळला की साहेब चक्रावले. कॅप्टन ग्रेग हा त्या वेळी हिंदुस्थानातला सर्वात नावाजलेला इंग्लिश बॅट्समन. तो रोज तासभर आधी येऊन बाळूला बोलिंग टाकायला लावी आणि आपल्याला आऊट केलं की आठ आणे देई, असं सांगतात. त्या हिशेबानं बाळूनं ग्रेगकडून बरीच कमाई केली असावी! फक्त एक गोष्ट त्याला तिथे कधी मिळाली नाही, ती म्हणजे बॅट. बोलिंग टाकणं हे नोकराचं काम, बॅटिंग साहेबाची.

पुण्याच्या हिंदू क्लबाच्या कानावर ही कीर्ती गेली. गोऱ्यांना हरवायचं तर हा बोलर आपल्याकडे हवा. पण जातीचं काय? बऱ्याच वादानंतर बाळूला घेतलं. मैदानात तो सगळ्यांसारखाच. तोच चेंडू ब्राह्मण विकेटकीपरच्या हातून त्याच्या हातात येई आणि कुणाला विटाळ होत नसे. चहाची सुट्टी झाली की मात्र बाकीचे पॅव्हेलियनमध्ये कपबशीतून चहा घेत आणि बाळूला बाहेर मातीच्या बोळक्यात मिळे. जेवण वेगळ्या ताटात, वेगळ्या जागी. तोंड धुवायचं झालं तर त्याच्याच जातीतला गडी कोपऱ्यात नेऊन हातावर पाणी घाली. साताऱ्याला गोऱ्यांच्या संघाविरुद्ध त्यानं ७ बळी घेतले, पुण्यात त्याचा जाहीर गौरव झाला, पण बोळकं काही सुटलं नाही.

१८९६ मध्ये प्लेगची साथ आली आणि पुढे बाळू मुंबईत आला. समुद्रकाठच्या हिंदू जिमखान्यात त्याला घ्यावं का, यावर तिथेही वाद झालाच. अखेर त्याला घेतलं आणि पुण्याच्या मानानं एक पाऊल पुढे पडलं. बाळू आणि त्याचा धाकटा भाऊ शिवराम जिमखान्यात इतर खेळाडूंसोबत जेवू लागले. आज ही बातमी वाटणार नाही. त्या काळात ती वर्तमानपत्रात चर्चा होण्याइतकी मोठी होती.

फेब्रुवारी १९०६. बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावर हिंदू विरुद्ध युरोपियन. हिंदूंचे २४२ आणि १६०, साहेबांचे १९१ आणि १०२. हिंदू १०९ धावांनी जिंकले. सामन्यात बाळूचे ८ बळी! शिवरामही संघात होता. जपाननं रशियाला हरवल्याला जेमतेम वर्ष होत होतं, बंगालच्या फाळणीमुळे वातावरण तापलेलं होतं. लोकांनी हा विजय डोक्यावर घेतला. समाजसुधारकांनी सनातन्यांना विचारलं, बाळूला बाहेर ठेवलं असतं तर हा दिवस दिसला असता का?

दुसऱ्याच वर्षी पारशी आणि युरोपियन यांच्या सामन्यांत हिंदू सामील होऊन तिरंगी स्पर्धा सुरू झाली. १९१२ मध्ये मुसलमान आले आणि ती चौरंगी झाली. मुंबईत त्या सामन्यांच्या दिवसांत झाडांवरही माणसं बसलेली असत. १९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या कप्तानीखाली अखिल भारतीय संघ इंग्लंडला गेला. संघानं फारसे दिवे लावले नाहीत, पण बाळूनं सगळ्या सामन्यांत मिळून ११४ बळी घेतले. दुखऱ्या खांद्यानं! तरुण भीमराव आंबेडकरांच्या पिढीतल्या दलित मुलांना अभिमान वाटावा असा पहिला माणूस क्रिकेटच्या मैदानातून आला, तो हा.

इतकं सगळं झालं, तरी हिंदू संघाची कप्तानी बाळूला मिळाली नाही. दरवर्षी प्रश्न निघे आणि दरवर्षी कुणी तरी उच्चवर्णीय खेळाडू निवडला जाई. १९१३ मध्ये कप्तान झालेल्या एम. डी. पै यांनी तर मोकळेपणानं सांगून टाकलं, की हा मान अनुभवानं मोठ्या असलेल्या माझ्या मित्राला, बाळूला, मिळायला हवा होता. पै यांच्या या दिलदारीला दाद द्यायला हवी. निवड समितीवर मात्र तिचा काही परिणाम झाला नाही.

१९२० साली स्फोट झाला. बाळूला संघातून वगळलं. पै आजारी, म्हणून कप्तानी द्यायची वेळ आली. चार पालवणकर भावांतला विठ्ठल तेव्हा उत्तम बॅट्समन म्हणून गाजत होता. तरीही समितीनं त्याला डावलून पुण्याच्या दि. ब. देवधरांना कप्तान केलं. देवधर मोठे खेळाडू होते यात वादच नाही. पण विठ्ठल आणि शिवराम यांनी सरळ संघातून अंग काढून घेतलं आणि का ते वर्तमानपत्रातून सांगितलं. खेळात आम्ही कमी पडलो असतो तर तक्रार नव्हती, इथे जात आडवी येतेय. गांधीजी अस्पृश्यतेविरुद्ध बोलू लागले होते, लोकमत भावांच्या बाजूनं झालं. तडजोड निघाली. पै बरे होऊन परतले आणि बाळू उपकप्तान म्हणून संघात आला. सामन्यात पै काही वेळ मैदानाबाहेर गेले आणि तेवढ्या वेळापुरता हिंदू संघाचा कप्तान होता बाळू पालवणकर. पूना क्लबात रोलर ओढायला लागल्याला तेव्हा जवळजवळ तीस वर्षं होत आली होती.

१९२३ मध्ये विठ्ठल रीतसर कप्तान झाला. हिंदू संघानं त्या वर्षी स्पर्धा जिंकली. त्यानं नंतर 'माझे क्रीडा-जीवन' हे आत्मचरित्र लिहिलं. ते १९४८ साली आलं आणि मराठीतल्या खेळाडूंच्या आत्मचरित्रांत त्याचं स्थान फार वरचं आहे. जुन्या पुस्तकांच्या दुकानात दिसलं तर सोडू नये.

बाळू पुढे सार्वजनिक कामात ओढले गेले. १९३२च्या पुणे करारावर त्यांची सही आहे. १९३७च्या निवडणुकीत काँग्रेसनं त्यांना मुंबईत उभं केलं ते थेट डॉ. आंबेडकरांविरुद्ध! बाळूंना ११,२२५ मतं पडली, आंबेडकरांना १३,२४५. ज्यांच्या नावानं एकेकाळी दलित वस्त्यांतल्या पोरांची छाती फुगायची, त्यांच्याविरुद्ध मत टाकताना काही हात नक्कीच अडखळले असतील. बाळू पालवणकर १९५५ मध्ये वारले.

त्याआधी, १९४६ मध्ये, धर्मावर आधारलेली ती स्पर्धा बंद पडली होती. शेवटी शेवटी ती पंचरंगी झाली होती आणि देश फाळणीच्या उंबरठ्यावर असताना हिंदू विरुद्ध मुसलमान असे सामने कुणालाच परवडणारे नव्हते. जिमखान्यांची नावं तेवढी राहिली. १९४८च्या पावसाळ्यात त्याच हिरवळींवर एक नवी लीग सुरू झाली. १९११च्या दौऱ्यात बाळूबरोबर गेलेले पारशी खेळाडू डॉ. होरमसजी कांगा यांच्या स्मरणार्थ तिला नाव दिलं कांगा लीग. भर पावसातली ही जगावेगळी स्पर्धा! हिंदू जिमखान्याच्या संघात कोण आणि पारशी जिमखान्याच्या संघात कोण, हे आडनावावरून ओळखायची सोय हळूहळू संपली. गवत गुडघ्याला लागतं, जमिनीवरून मारलेला फटका त्यात अडकतो, म्हणून बॅट्समन चेंडू उचलून मारतात आणि झेल देऊन परततात. एक चेंडू घोट्याखालून सरपटतो, दुसरा दाताशी येतो. मात्र त्याचा दोष आता पावसाचा.